आधी वितळणारी तार

हॉर्न कुणी वाजवला नव्हता. दिवे बंद होते. तरीही गाडीचा फ्यूज उडाला, आणि तोही सलग तिसऱ्यांदा.

स्वरदानं बॉनेटखालच्या काळ्या डबीतून एक छोटी काचेची नळी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. नळीच्या दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या होत्या. आत एक बारीक तार असायला हवी होती, ती नव्हती. काच आतून आरशासारखी चकचकीत आणि मध्ये काळपट झाली होती.

"इंजिन बंद असताना हॉर्न मजेत वाजतो," ती म्हणाली. "इंजिन सुरू करून जरा जोरात फिरवलं, की फ्यूज जातो. हॉर्नला हातही लावलेला नसताना! आप्पा, जी गोष्ट आपण वापरतच नाही, ती बिघडते कशी?"

आप्पांनी लगेच उत्तर दिलं नाही. आप्पा, म्हणजे स्वरदाचे आजोबा डॉ. मिलिंद शेवाळे, यांनी उपग्रहांच्या वायरिंगवर संशोधन करण्यात आयुष्य घालवलं होतं. उपग्रह एकदा वर गेला की त्याची तार बदलायला कुणी जाऊ शकत नाही. त्यामुळे घाईनं उत्तर द्यायची त्यांना सवयच नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाईला कृष्णेच्या काठाजवळ एक शेड घेतली आणि तिथे ते जुनी यंत्रं दुरुस्त करू लागले. मदतीला पाना नावाचा एक यंत्रमानव होता. त्याला तीन हात होते आणि त्याच्या डोळ्यांना उष्णता दिसत असे.

साल होतं २०५९. रस्त्यावरच्या गाड्या आता स्वतःच चालत आणि चालताना आवाज करत नसत. पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज स्वरदाच्या वर्गातल्या मुलांनी फक्त संग्रहालयात ऐकला होता. शेडमधली ही गाडी मात्र शंभर वर्षांपूर्वीची होती. गोल दिवे, फुगीर मडगार्ड आणि सुती कापडात गुंडाळलेल्या तारा. ती होती वैजयंतीबाई ओंबळे यांची. त्यांच्या आई डॉक्टर होत्या आणि पसरणीचा घाट चढून पठारावरच्या गावांत रुग्ण बघायला त्या याच गाडीनं जात. पठारावर आता या डॉक्टर आईंच्या नावाचं नवं आरोग्य केंद्र झालं होतं आणि रविवारी त्याचं उद्घाटन होतं.

वैजयंतीबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. "जाईन तर आईच्या गाडीतून जाईन," त्यांनी आप्पांना सांगितलं होतं. "नाहीतर घरीच बरी आहे." आत्ताही त्या गाडीच्या मागच्या सीटवर काठी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि खिडकीतून सगळं बघत होत्या.

"आधी कारण शोधायचं," आप्पा म्हणाले. "मीटर आणतो मी. तोवर कशालाही हात लावू नकोस."

ते आत गेले. स्वरदानं फ्यूजचा डबा उघडून पाहिला. तो रिकामा होता. असले फ्यूज आता कुठे मिळत नसत. आप्पांनी मोठ्या खटपटीनं मिळवलेले थोडे होते, ते संपले.

"हॉर्नशिवाय घाटात जाता येणार नाही गं," वैजयंतीबाई आतून म्हणाल्या. "प्रत्येक वळणावर आई वाजवायची."

स्वरदाला वाटलं, दोष फ्यूजचाच आहे. इतकी नाजूक तार! जराशा धक्क्यानं तुटत असणार. तिच्या जागी काहीतरी दणकट बसवलं की झालं. खिळे-स्क्रूंच्या ट्रेमध्ये तिला पितळेचा एक तुकडा मिळाला. लांबी बरोबर नळीइतकीच होती. तिनं तो डबीत दाबला, आणि तो चपखल बसला.

आप्पा मीटर घेऊन आले. "हे काय, मिळाला एखादा फ्यूज?"

"बसतोय असा एक मिळाला," स्वरदा म्हणाली.

आप्पांनी मान हलवली. बिघाड पुन्हा होतो का ते बघायला पुढच्या सीटवर बसून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, मग नीट चालू लागलं. त्यांनी पायानं वेग वाढवला. इंजिन थरथरलं. स्वरदा डबीकडे टक लावून बघत होती. काहीच झालं नाही. तिला आनंद झाला.

तेवढ्यात कोपऱ्यात चाकं पुसत बसलेला पाना एकदम उभा राहिला.

"पुढच्या तारांमधली एक तार तापते आहे," तो म्हणाला. "नव्वद अंश. एकशे चाळीस. दोनशे दहा."

बॉनेटखालून पांढऱ्या धुराची एक रेघ वर आली. कापड आणि रबर जळल्याचा वास पसरला. डॅशबोर्डच्या खालूनही धूर येऊ लागला.

आप्पांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. धूर थांबला नाही. "पाना, बॅटरी तोड! स्वरदा, बाईंना बाहेर काढ!"

स्वरदानं मागचं दार ओढलं. वैजयंतीबाईंचे पाय लवकर उचलत नव्हते. तिनं त्यांना काखेत धरलं आणि जवळजवळ ओढूनच बाहेर घेतलं. काठी आतच राहिली. तिकडे पानानं आपल्या रबरी बोटांनी बॅटरीवरची पकड उपटून काढली. एक ठिणगी उडाली आणि मग सगळं शांत झालं. धूर हळूहळू विरळ होत गेला.

आप्पांनी डबीचं झाकण उघडलं आणि पितळेचा तुकडा पाहिला. तो जसाच्या तसा होता. त्याच्यापासून पुढे जाणारी तार मात्र हातभर काळी पडली होती. तिच्यावरचं कापड जळून गेलं होतं आणि शेजारच्या तीन तारांनाही चटके बसले होते.

"पेट्रोलची नळी इथून वीतभर लांब आहे," आप्पा शांतपणे म्हणाले.

स्वरदानं पितळेच्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "मला वाटलं, फ्यूज कमकुवत आहे. म्हणून मी..."

"मला आत बसून वाटलं, कुणी इस्त्री चालू ठेवून गेलं की काय," खुर्चीवर टेकत वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी स्वरदाकडे पाहिलं. "मी ठीक आहे. माझी काठी तेवढी दे. आणि शेवाळे, मुलीला रागवायचं असेल तर नंतर रागवा. आधी मला सांगा, झालं काय? बारा व्होल्टची तर बॅटरी. हात लावला तर झिणझिण्यासुद्धा येत नाहीत. तिनं एवढी आग कशी लागेल?"

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी शेडबाहेरच्या अंगणात एक फरशी मांडली, तिच्यावर जुनी बॅटरी ठेवली आणि सगळ्यांना जरा लांब उभं केलं.

"प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले. "व्होल्ट म्हणजे वीज किती जोरानं ढकलली जाते, ते. बारा व्होल्टचा जोर फार नाही. आपल्या कातडीचा रोध (विजेला होणारी अडवणूक) मोठा असतो, म्हणून त्या जोरावर आपल्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. पण तांब्याच्या तारेचा रोध अगदी नगण्य. तिथे थोडासा जोरही पुरतो. आता सांग स्वरदा, गाडीत वीज बॅटरीतून निघते, हॉर्नपर्यंत जाते. आणि परत कुठून येते?"

स्वरदानं आठवून पाहिलं. हॉर्नकडे जाणारी तार तिनं पाहिली होती. परतीची तार कुठे दिसली नव्हती.

"गाडीच्या पत्र्यातून?"

"बरोबर. गाडीचं सगळं लोखंडी अंग हीच परतीची वाट. त्यामुळे तारा निम्म्या लागतात. पण त्यात एक धोका आहे. समजा, हॉर्नकडे जाणाऱ्या तारेचं इन्सुलेशन (वीज बाहेर जाऊ न देणारं आवरण) कुठेतरी झिजलं आणि उघडं तांबं पत्र्याला टेकलं, तर?"

"तर वीज हॉर्नपर्यंत जाणारच नाही. तिथूनच पत्र्यात शिरेल आणि परत फिरेल."

"याला म्हणतात शॉर्ट सर्किट (विजेनं काम टाळून जवळच्या वाटेनं परत फिरणं). हॉर्न वाटेत असताना तो वीज अडवून धरतो, म्हणून आठ-दहा अँपिअरच वाहतात. अँपिअर हे वाहणारी वीज मोजण्याचं माप. हॉर्न वाटेतून गेला की अडवायला कुणी नाही. मग शंभर, दीडशे, बॅटरी देईल तितके. आणि वीज दुप्पट झाली की तारेतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. दहापट झाली की शंभरपट."

"म्हणून झिणझिण्या न येताही आग लागते," वैजयंतीबाई पुटपुटल्या.

आप्पांनी एका जाडसर तारेच्या मध्ये केसासारखी बारीक तार जोडली आणि दोन्ही टोकं पानाच्या हातात दिली. पानानं ती बॅटरीला टेकवली. बारीक तार क्षणभर लाल झाली आणि तुटली. जाड तारेवरचं आवरण जसंच्या तसं होतं. स्वरदानं हात लावून पाहिला. तार थंड होती.

मग त्यांनी बारीक तारेच्या जागी तोच पितळेचा तुकडा लावला. या वेळी पितळेला काही झालं नाही. जाड तारच फुगली, धुरली आणि टोकापासून टोकापर्यंत काळी झाली. पानानं ती झटकन सोडवली.

स्वरदानं वाकून ती काळी तार पाहिली.

"फ्यूज कमकुवत असतो, तेच त्याचं काम असतं," ती म्हणाली. "त्यानं सगळ्यांच्या आधी वितळायचं. मग वाट तुटते आणि वीज थांबते. मी मात्र वितळणारी जागा काढून टाकली. म्हणून पूर्ण तारच वितळायला लागली."

"आणि फ्यूज कुणाला वाचवतो? हॉर्नला?"

"हो... नाही. हॉर्न तर चांगलाच होता. तारेला वाचवतो!"

"हे मोठमोठ्या माणसांच्याही लक्षात राहत नाही," आप्पा म्हणाले. "हॉर्न बिघडला तर दुसरा बसवता येतो. तारा गाडीच्या अंगभर, सीटखालून, पेट्रोलजवळून गेलेल्या असतात. म्हणून फ्यूज किती अँपिअरचा, हे तारेवरून ठरतं. आपल्या हॉर्नला लागतात दहापर्यंत. ती तार सोसते सतरा-अठरा. मग फ्यूज?"

"दहापेक्षा मोठा, नाहीतर हॉर्न वाजवला की उडेल. सतरापेक्षा लहान, नाहीतर तार आधी जळेल. पंधराचा?"

"पंधराचा."

आता राहिलं कारण. आप्पांनी तो जळालेला फ्यूज पुन्हा हातात घेतला. "तार हळूहळू तापून तुटली असती तर काच स्वच्छ राहिली असती आणि मधेच एक तुटका तुकडा दिसला असता. इथे तारेची वाफ होऊन ती काचेवर चिकटली आहे. म्हणजे एकदम फार मोठा प्रवाह आला. तारेनं पत्र्याला स्पर्श केलाच असणार, आणि तोही इंजिन जोरात फिरताना."

"इंजिन थरथरतं तेव्हा!" स्वरदा ओरडली. "हॉर्नच्या तारेत वीज कायम असते ना? बटण दाबायची वाटच बघत असते. म्हणून हॉर्न न वाजवताही..."

ती वाक्य अर्धवट सोडून बॉनेटकडे धावली. काळी पडलेली तार बोटानं न ओढता ती नुसत्या नजरेनं तिच्या मागोमाग गेली. पुढच्या पत्र्याला एक भोक होतं आणि तार त्यातून पलीकडे जात होती. भोकाच्या कडेला रबरी कडं असायला हवं होतं. शंभर वर्षांत ते वाळून, तुकडे होऊन पडून गेलं होतं. पत्र्याची धारदार कड तारेला घासत होती, आणि नेमक्या तिथेच तांबं चमकत होतं.

पुढचे काही दिवस शाळा सुटली की स्वरदा शेडमध्ये असे. पाना आणि ती मिळून जळालेल्या तारा बदलत होते आणि प्रत्येक भोकाला नवं रबरी कडं बसवत होते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, हे तिनं स्वतःच शोधून काढलं. फ्यूजच्या आधी जेवढी तार, तेवढी असुरक्षितच राहते. इंजिन सुरू करणाऱ्या जाड केबलला मात्र फ्यूज लावता आला नाही. ती एका झटक्यात शेकडो अँपिअर ओढते. तिला त्यांनी जाड रबराची नळी चढवली आणि पत्र्यापासून दूर बांधली.

मग एके दिवशी तारा तपासताना ती थबकली. "आप्पा, पुढच्या दिव्यांना फ्यूजच नाही. बनवणारे विसरले का?"

"विसरले नाहीत. त्यांनी मुद्दाम लावला नाही. अंधाऱ्या रस्त्यावर फ्यूज उडून दोन्ही दिवे एकदम गेले तर गाडी दरीत जाईल, ही त्यांना भीती. त्यापेक्षा तार तापलेली परवडली, असा त्यांचा हिशेब."

"म्हणजे फ्यूज लावला तरी धोका आणि नाही लावला तरी धोका?"

"तू काय करशील?"

स्वरदानं दोन दिवस विचार केला. जेवताना केला, शाळेत खिडकीबाहेर बघत केला. मग एका संध्याकाळी येऊन ती म्हणाली, "दोन फ्यूज. डाव्या दिव्याला एक, उजव्याला एक. दोन्ही एकाच वेळी कशाला बिघडतील?"

आप्पा हसले, आणि उठून त्यांनी पेटीतून आणखी दोन डब्या काढल्या. तारांच्या मापाचे नवे फ्यूज त्यांनी दरम्यान एका कारागिराकडून मुद्दाम बनवून घेतले होते.

रविवारी सकाळी गाडी निघाली. आप्पा चालवत होते. हातानं गाडी चालवण्याचा परवाना वाईत आता मोजक्या लोकांकडे उरला होता. शेजारी स्वरदा, मागे वैजयंतीबाई आणि त्यांच्याशेजारी तीन हात नीट घडी करून पाना. घाटाच्या पायथ्याशी ऊन होतं. अर्ध्यावर ढग खाली उतरले आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला. आप्पांनी दिवे लावले. प्रत्येक वळणावर ते हॉर्न वाजवत. वरून येणाऱ्या विनाचालक गाड्या आवाज ऐकून कडेला थांबत.

एका वळणावर चाक खड्ड्यात आदळलं आणि डावा दिवा गेला.

धुकं एकदम जवळ आल्यासारखं वाटलं. पण उजवा दिवा चालूच होता. त्याच्या उजेडात कठड्याचे पांढरे दगड दिसत होते. आप्पांनी वेग कमी करून गाडी कडेला घेतली. स्वरदानं खाली उतरून डबी उघडली. डाव्या दिव्याची नळी आतून चंदेरी झाली होती. तिनं नवा फ्यूज बसवला. तो लागताक्षणी उडाला.

"आणखी एक आहे ना?" वैजयंतीबाईंनी काच खाली करून विचारलं.

स्वरदाच्या हातात आणखी एक होता. तिनं तो परत खिशात ठेवला.

"तोही उडेल, आजी. पुढे कुठेतरी तार पत्र्याला लागते आहे. इथे धुक्यात ते शोधता येणार नाही. तो दिवा बंदच राहू दे. आपण एका दिव्यावर हळू जाऊ."

"पाना, काही तापतंय?" आप्पांनी विचारलं.

"काहीही नाही," पाना म्हणाला. "सगळ्या तारा थंड आहेत."

गाडी हळूहळू चढत राहिली. वैजयंतीबाई मागे टेकून बसल्या. त्या म्हणाल्या, "आई याच वळणांवर गप्प असायची. मला वाटायचं, ती रागावली आहे. ती रस्ता ऐकत असायची."

पठारावर ऊन होतं. आरोग्य केंद्रापुढे गर्दी जमली होती आणि हॉर्न ऐकून मुलं धावत आली. वैजयंतीबाई पानाच्या हाताला धरून उतरल्या आणि आईच्या नावाच्या पाटीपाशी गेल्या. मग त्यांनी फीत कापली. भाषण केलं नाही.

समारंभ चालू असताना स्वरदानं डाव्या दिव्याची काच काढली. बल्बच्या खोबणीत एक तार निसटून कडेला टेकली होती. तिनं ती जागेवर बसवली, खिशातला फ्यूज लावला आणि दिवा लागला.

त्याच वेळी केंद्राच्या गच्चीवर विजेवर चालणारी एक हवाई रुग्णवाहिका उतरली. तिचे सहा पंखे मंदावत थांबले. स्वरदा मान वर करून बघत राहिली.

"आप्पा, हिच्यातही फ्यूज असतील?"

"असतात. पण हिच्यातली वीज आपल्या गाडीच्या शेकडो पट. तार वितळेपर्यंत वाट बघायला तिथे वेळ नसतो. आणि वाट तोडली तरी तुटलेल्या टोकांमधून वीज हवेतून उडी मारते. शिवाय उडत असताना सगळे पंखे बंद करून कसं चालेल? बिघडलेला तेवढा एक तोडायचा आणि बाकीचे चालू ठेवायचे, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. सध्याचे फ्यूज हे करतात, पण वजनाला फार जड आहेत. हलका आणि तितकाच चपळ फ्यूज अजून कुणाला नीट जमलेला नाही."

"अजून कुणालाच नाही?"

"अजून तरी नाही."

गच्चीवरून परिचारिका एका लहान बाळाला घेऊन जिन्यानं खाली येत होत्या. स्वरदानं हात पॅन्टला पुसले. ती जिन्याकडे गेली आणि वैमानिक खाली उतरायची वाट बघत उभी राहिली. तिला त्याला बरंच काही विचारायचं होतं.